सारंगखेड्याच्या यात्रेत वछेरा (घोड्याचं तरुण पिल्लू) घ्यायचाय? आधी पाय बघा
नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो, पण खरेदी करायची तर त्याआधी दोन-तीन दिवस पोहोचा. रेल्वेने दोंडाईचा, पुढे एसटी किंवा जीप. मैदानात सकाळी सातलाच शिरावं. एकदा ढोल सुरू झाला की जनावर बिथरतं आणि बारीक लंगडणं लपून जातं.

बाजारात भाव चढतो तो कानांवर, रंगावर, देवमणावर (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा). खूर मात्र मातीत नि चाऱ्यात बुडालेले. म्हणून पिछाडी (मागच्या पायांची दोरी) सोडवून जनावर डांबरी रस्त्यावर आणायला लावा. मालक कां-कूं करू लागला तर पुढचा तंबू गाठा.

समोर उभे राहून खांद्याच्या टोकापासून मनातल्या मनात ओळंबा सोडा. गुडघा, नळी (गुडघ्याखालचं लांब हाड), खूर तिन्हींच्या मधून तो उतरायला हवा. एक कुमेत (तांबूस-तपकिरी) शिंगी (तरुण घोडी) लांबून देखणी दिसली, पण नळी गुडघ्याच्या मधोमध नव्हती, बाहेर सरकलेली. आतल्या अंगाने अंगठा फिरवला तर गुडघ्याखाली वाटाण्याएवढी टणक गाठ. दाबताच तिने पाय ओढला. अशा ठेवणीत आतल्या बारीक हाडावर जादा भार पडतो. गाठ थंड, न दुखणारी असती तर किमतीत घासाघीस करून चाललं असतं.

बाजूने बघताना गुडघा किंचित पुढे असला तर चालतो, मागे दबलेला नको. तसा असला तर दौडीत सांध्याच्या पुढच्या कडा एकमेकींवर आपटून हाडाचे टवके उडतात.

मागचे हॉक (मागच्या पायाच्या मधला, टाचेसारखा सांधा) जरा आत वळलेले मारवाडी-काठियावाडीत दिसतातच, तेवढ्यावरून सोडू नका. विळ्यासारखा वाकलेला पाय वाईट, खांबासारखा सरळ त्याहून वाईट: त्यात गुडघ्याची वाटी अडकून पाय मागे ताठ राहतो.

‘वाढेल तसा सरळ होईल’ हे ऐकायला मिळेलच. खुरावरच्या सांध्यातला तिढा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच काय तो सुधारतो. गुडघ्याला मुदत जास्त, पण दीड वर्षाच्या वछेऱ्यात तीही संपत आलेली. वय दातांवरून ताडा: मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात.

शेवटी दुडकी चाल, वीस पावलं दूर, वीस पावलं परत, लगाम सैल. खूर बाहेर वळलेले असतील तर पाय आत फेकला जाऊन दुसऱ्याला घासतो. खुरावरच्या सांध्याच्या आतल्या बाजूचे केस गेलेत का बघा. खूर नुकतेच तासलेले असतील तर दुप्पट सावध राहा, तासून वाकडेपणा झाकता येतो.

परतीचा टेम्पो मात्र आधी ठरवू नका. ठरवला की संध्याकाळपर्यंत काहीतरी भरून न्यायची घाई होते.