तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणात कॉफीचं सबस्क्रिप्शन घ्यावं का?

गुहागरला आमच्याकडे राहायला येणारे पाहुणे स्वयंपाकघरातला ग्राइंडर बघतात आणि विचारतात, इतक्या दमट हवेत दर महिन्याला बाहेरून ही महागडी कॉफी मागवण्यात काही अर्थ आहे का? मुंबईचे नातेवाईकही तेच विचारतात, फक्त 'महागडी'वर जरा जास्त जोर देऊन.

अर्थ आहे, आणि तो दमट हवेमुळेच आहे. आपली सवय आगोटीची. पाऊस लागायच्या आत सुकी मासळी, आमसुलं, पापड, मीठ सगळं भरून ठेवायचं. भाजलेल्या कॉफीला ही बेगमी चालत नाही. भाजल्यावर काही दिवस बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. पाकिटावरची ती बारीक झडप त्यासाठीच असते, आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. पाकीट फोडलं की मात्र वास उतरायला लागतो, आणि जुलैत आमच्याकडे दळलेल्या पुडीच्या गुठळ्या व्हायला वेळ लागत नाही. म्हणून थोडी थोडी, ताजी भाजलेली कॉफी घरपोच येणं हा चैनीपेक्षा सोयीचा भाग. घरपोच म्हणजे अर्थात कुरिअरवाल्याचा फोन येतो आणि आपणच बाजारात जाऊन पार्सल घेऊन येतो.

बिया अख्ख्याच मागवा. दळून मागवलीत तर पैसे वाया. साधा हाताने फिरवायचा ग्राइंडर पुरतो. उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नका, दर वेळी बाहेर काढलं की गार बियांवर दव धरतं. आणि समुद्राकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरणार असाल तर कुठलीच कॉफी मागवू नका.

गंमत म्हणजे हाच पावसाळी वारा कच्च्या कॉफीला मानवतो. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, मंगळूरकडे, जून ते सप्टेंबर कच्च्या बिया उघड्या बाजूंच्या गोदामांत पसरून ठेवतात. त्या फुगतात, पिवळट होतात, त्यांचा आंबटपणा जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना समुद्राच्या हवेने हे आपोआप व्हायचं. हीच 'मॉन्सून्ड मलबार'. सबस्क्रिप्शनच्या बॉक्समध्ये कधी आली तर सोडू नका.

एरवी चिकमगळूर, कोडगू, अराकू खोरं अशा ठिकाणची कॉफी येते. जाणकारांनी चाखून शंभरपैकी ८० किंवा जास्त गुण दिले तर ती स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची. पाकिटावर मळ्याचं नाव, भाजल्याची तारीख आणि चवींची यादी असते: जर्दाळू, संत्रं, कोको. यातलं काहीही आत घातलेलं नसतं, चाखणाऱ्याला जे आठवलं ते लिहिलेलं असतं. फळासकट वाळवलेल्या, म्हणजे नॅचरल, कॉफीत मला हमखास बरका फणस आठवतो. तो कुणी छापत नाही, कारण चाखणारे बहुधा या बाजूचे नसावेत.

आता खरी मेख. आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वरून परसातलं जायफळ किसून. हलकी भाजलेली, आंबूस कॉफी या कपात टिकत नाही. आईने एक घोट घेऊन विचारलं, "यात आमसूल टाकलंस काय गो?" अशी कॉफी कोरीच प्यावी: फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याने गाळणी खाली दाबायच्या भांड्यात, १५ ग्रॅम जाडसर पूड, पाव लिटरच्या आत पाणी, चार मिनिटं. दूध-जायफळाला मध्यम ते गडद भाजलेलीच लागते, आणि त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. फक्त तिच्यासाठी भारी पाकीट फोडू नका.

तेव्हा दर महिन्याला वेगळी कॉफी पाठवणारा बॉक्स काही महिनेच घ्या, आपल्याला काय आवडतं ते कळेपर्यंत. मग तो बंद करून आवडलेली तेवढीच मागवा. जून ते सप्टेंबर सगळ्यात लहान पाकीट घ्या, संपलं की दुसरं. घरात एकटेच कोरी पिणारे असाल, तर बारा महिने लहानच.