एडिटरमधले रंग

आज ऑफिसात नव्या मुलीला व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये जावास्क्रिप्ट (वेबपेजवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) शिकवताना तिनं फार छान प्रश्न विचारला. "दादा, रिटर्न जांभळं दिसतं, मग सेटटाइमआउट पिवळं का? दोन्ही भाषेचेच शब्द ना?"

नाही! रिटर्न, इफ, कॉन्स्ट हे व्याकरणातच बसलेले राखीव शब्द. रिटर्न नावाचं व्हेरिएबल (माहिती साठवायचं नाव) करून बघा, कोड चालायच्या आधीच एरर येईल. सेटटाइमआउट मात्र ठरावीक वेळानं काम करवणारं, ब्राउझरनं हाताशी दिलेलं फंक्शन. एक्मास्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेचे नियम ठरवणाऱ्या, स्पेसिफिकेशनमध्ये ते नाहीच, वेबपेजचे नियम सांगणाऱ्या एचटीएमएल स्टँडर्डमध्ये आहे. फेच (नेटवरून माहिती आणणारं), डॉक्युमेंट (उघडलेलं वेबपेज), अगदी कन्सोलसुद्धा (संदेश छापणारं) असेच बाहेरून आलेले. (म्हणून तर नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, डॉक्युमेंट सापडत नाही आणि फेच तिथे थेट मिळायला २०२२ मधलं १८ वं व्हर्जन यावं लागलं.)

मग तिला स्वतःचं एक फंक्शन लिहायला लावलं. तेही पिवळंच! व्हीएस कोडचं मूळ रंगकाम शब्दांचे पॅटर्न बघून चालतं. नावापुढे कंस दिसला की फंक्शन. ते भाषेचं, ब्राउझरचं की आपलं, हे त्या पिवळ्या रंगावरून कळत नाही.

शिकवणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यातच सांगावं, असं मला मनापासून वाटतं. एमडीएन या वेब शिकायच्या संदर्भ साइटवर जावास्क्रिप्ट (भाषेचं) आणि वेब एपीआय (ब्राउझरनं दिलेलं) असे दोन वेगळे विभाग आहेत. उद्या तिच्यासोबत तेच उघडून बसणार आहे.