तुम्ही विचारलंत म्हणून: काउंटरवरचे चष्मे

ऑफिसातलं चांगलं माणूस गेलं तर त्याच्या आठवणीसाठी काय द्यावं, हे मला बरेच जण विचारतात. पणजीतल्या आमच्या कार्यालयात खिडकीपाशी ठेवलेले चष्मे त्यांनी पाहिलेले असतात. ना तसबीर, ना नावाची पाटी, मग हे कुणाचे, असं विचारता विचारता गोष्ट तिथे येते.

त्या खिडकीवर ताई बसायच्या. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो. जमिनीच्या कागदांसाठी सत्तरी, सांगेकडून पहाटेची कदंबा बस पकडून म्हातारी माणसं यायची. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारा, हातात पडला की त्यावर सर्व्हे नंबर, कब्जेदार, कूळ, सगळं बारीक चौकटींत. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) कायदा आल्यावर ज्यांना जमिनीवर, घरावर हक्क सांगता आला, त्यांचा जीव अशा कागदांत अडकलेला असतो. आपल्या बापाचं नाव कुळाच्या रकान्यात आहे की नाही, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून समाधान होत नाही. ते स्वतः बघायचं असतं. आणि नेमका चष्मा घरी राहिलेला.

"बाय, माका दिसना गो," असं कुणी म्हटलं की ताई आपल्या नाकावरचा चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि खिडकीतून बाहेर द्यायच्या. तो माणूस ओळीवर बोट फिरवत वाचून होईपर्यंत त्यांचं काम थांबलेलं असायचं. मागची रांग कुरकुरली तरी त्या घाई करत नसत. माझ्या मते ते त्यांच्या कामापैकी सर्वांत महत्त्वाचं काम होतं.

त्या गेल्यावर आम्ही वर्गणी काढली. समई सुचली, मोठी तसबीर सुचली. मला ते पटेना. समई कपाटात जाते, आणि ताईंचा चेहरा आम्हाला तसाही विसरता येणार नव्हता. त्यांच्या हातून रोज जे व्हायचं ते चालू राहायला हवं, असं मी म्हटलं आणि सगळ्यांना ते लगेच मान्य झालं.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं अक्षर धूसर दिसतं. म्हणून अधिक १ पासून अधिक ३ पर्यंतचे तयार चष्मे आणले, प्रत्येकाच्या काडीवर नंबर ठळक लिहिला. सोबत एक मोठं भिंगही ठेवलं. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल किंवा मोतीबिंदू असेल तर या चष्म्यांनी भागत नाही. अशांना खिडकीवरचा मुलगा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, डोळे दाखवायला सांगतो, आणि तोवर कागद स्वतः वाचून दाखवतो. हे त्याला कुणी नेमून दिलेलं नाही.

तेव्हा तुमच्या सहकाऱ्यासाठी काय घ्यावं, हे मला विचारण्याआधी तुमच्या शिपायाला विचारा, चहावाल्याला विचारा, रोज येणाऱ्या लोकांना विचारा. त्या माणसाने आपल्यासाठी काय केलं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

चष्म्यांना दोरी बांधा, चोरीला जातील, असंही आम्हाला सांगण्यात आलं. बांधली नाही. एखादा कुणाच्या खिशातून वाळपईला गेलाच, तर तिथेही तो वाचायच्याच कामी येईल. आम्ही दुसरा आणतो.