चिचेन इत्साला कॅनकूनहून टूरने जाऊ नका

डिसेंबरच्या सुट्टीत ह्यूस्टनहून मेक्सिकोतल्या कॅनकूनला गेलो होतो. चिचेन इत्सा या माया लोकांच्या प्राचीन शहराच्या अवशेषांची एक दिवसाची टूर हॉटेलच्या लॉबीतच बुक केली आणि अख्खा दिवस वाया घालवला.

'सगळं धरून' म्हणून पैसे घेतले होते. बस सुटल्यावर कळलं, प्रवेशाचं तिकीट वेगळं. तेही रोख डॉलरमध्ये आणि खिडकीवरच्या दरापेक्षा माणशी दहा डॉलर जास्त. साडेसातला बसलो, नऊपर्यंत बस हॉटेलं फिरून माणसं गोळा करत होती. मग 200 किलोमीटर. वाटेत 'माया गाव' दाखवतो म्हणून एका दुकानात पाऊण तास बसवून ठेवलं. पोचलो तेव्हा डोक्यावर ऊन आणि सगळीकडे माणसंच माणसं.

पण खरा घात घड्याळाने केला. कॅनकून किंताना रो राज्यात आहे, चिचेन इत्सा युकातानमध्ये, आणि युकातानचं घड्याळ बारा महिने एक तास मागे असतं. गाइड म्हणाला, "अडीचला बसपाशी या." आमच्या फोनने वेळ आपोआप बदलली होती. त्याचे अडीच कॅनकूनच्या घड्याळाचे, म्हणजे आमचे दीड! साडेबाराला आत गेलेलो, म्हणजे हातात जेमतेम तास. पवित्र सेनोटेच्या (पाण्याने भरलेला नैसर्गिक खड्डा) वाटेवर असताना त्याचा चिडलेला फोन आला आणि अर्ध्यातून पळत परतलो. वेळ सांगितली की 'कुठल्या घड्याळाने?' हे आधी विचारा.

राग आला होता. दोन दिवसांनी आम्ही दोघंच परत गेलो. एडीओ कंपनीच्या बसने जवळचं वायादोलिद, तिथे मुक्काम (गाव छान आहे), सकाळी कोलेक्तिवो. ही आपल्या वडापसारखी व्हॅन, भरली की सुटते. आठला फाटक उघडतं तेव्हा दारात हजर. तिकिटं दोन असतात, एक केंद्र सरकारचं, एक राज्याचं. दोन्ही मिळून 600 पेसोंच्या वर. पैसे पेसोंतच द्या.

आत कुकुल्कान या नागदेवाचा पिरॅमिड, आणि समोर मोकळं मैदान. चारी बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या, वरची एक धरून 365. चढायला बंदी आहे. जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवली, तर वरून पाखरू किलबिलल्यासारखा आवाज परत आला. माझ्या अंगावर काटा आला. टूरच्या दिवशी गर्दीत हे ऐकूच आलं नव्हतं. 168 मीटर लांबीचं चेंडूचं मैदान, मग सेनोटे, पोहायला नाही, नुसतं बघायला. याच्या तळातून सोनं, जेड आणि माणसांची हाडं निघाली. दक्षिणेकडची गोल वेधशाळा, एल काराकोल, टूरवाल्यांनी दाखवलीच नव्हती. ती चुकवू नका.

दहानंतर बसेस येतात. अकराला बाहेर पडा. मैदानात सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी हवंच. रविवारी मेक्सिकन नागरिकांना केंद्राचं तिकीट माफ असतं, तेव्हा गर्दी आणखी. तो वार टाळा. शाकाहारी असाल तर राजम्यासारखी फ्रिहोलेस मागवताना 'सिन मान्तेका' म्हणा, नाहीतर डुकराच्या चरबीत परतलेली मिळतील.