हात आधी, मेंदू मागनं

आज भडंगासाठी चुरमुरे भाजत होते, एका हातात मोबाईल, आणि नादात कढईची तापलेली कडी तशीच धरली. हात झटक्यात मागं आला, "आई गं" मात्र नंतर निघालं!! लेक नीटची तयारी करतेय, ती म्हणते मम्मी, हात तू काढलाच नाहीस, मज्जारज्जूनं, म्हणजे पाठीच्या कण्यातनं जाणाऱ्या नसांच्या दोरीनं काढला. म्हणजे चटक्याचा सिग्नल बोटातनं मज्जारज्जूत गेला, तिथनंच स्नायूंना ऑर्डर सुटली आणि मेंदूला नंतर कळवलं. ग्रामपंचायतीनं काम उरकायचं आणि मंत्रालयाला मागनं पत्र, तसलंच की हे 😄 मज्जारज्जूतनं अशा नसांच्या 31 जोड्या निघतात, थेट मेंदूतनं 12, हे पण तिनं ऐकवलं.

मला भारी वाटलं ते वेगळंच. आधी टोचल्यासारखी कळ आली आणि मग सावकाश आग आग, कारण दुखणं नेणारे तंतू दोन प्रकारचे, एकावर चरबीचं पातळ वेष्टन असतं म्हणून ते फास्ट, दुसऱ्यावर नसतंच, त्यांचा वेग सेकंदाला साधारण 1 मीटर, म्हणजे आमच्या सासूबाई सांगलीच्या आयर्विन पुलावरनं चालतात तेवढाच.

नळाखाली हात धरून एवढं लेक्चर ऐकलं. गॅस कुणीच बंद केला नव्हता, निम्मे चुरमुरे काळे.