राधानगरीत पाऊस झाला वाटतं

2019 च्या महापुरात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं माझ्या जादूच्या गुरुजींचं घर पाण्याखाली गेलं. गुरुजी वर्षापूर्वीच गेले होते. पाणी ओसरल्यावर काकूंनी त्यांची पत्र्याची पेटी माझ्यापुढं सरकवली. "तुझ्या कामाचं असंल ते ने बाळा, बाकीचं रद्दीत घालते." कड्या गंजलेल्या, रेशमी रुमालांचे रंग एकमेकांत उतरलेले आणि तळाशी पाच वह्या.

ओली वही घाईनं उघडली की पानाचा लगदा होतो आणि तशीच ठेवली तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून पिशवीत गुंडाळून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या. मग एकेक वही काढायची, पानापानात कोरा कागद घालायचा, तो दर दोन तासांनी बदलायचा. शाईपेनचं बरंचसं वाहून गेलं, बॉलपेनचं राहिलं. शाळांचे शो सांभाळून चार महिने हेच केलं.

लोट्याच्या प्रयोगाचं पान सापडलं त्या रात्री झोप लागली नाही. लोटा रिकामा करून बाजूला ठेवायचा, पुढचा खेळ करायचा, पुन्हा उचलला की पुन्हा पाणी. आम्ही त्याला 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणतो. कृती दीड ओळीत, त्यातही नेमका शब्द गाळलेला. पण बोलणं तीन पानं! 'पंचगंगा आटली म्हणता? (मनात तीन मोज. मुलांकडं बघ, लोट्याकडं नको.) थांबा, राधानगरीत पाऊस झाला वाटतं.' राधानगरीत पाऊस पडला की आमच्या पंचगंगेला पाणी चढतं, त्यावरचा हा विनोद. बाजारात मिळणाऱ्या 'जादू शिका' छापाच्या पुस्तकांत नेमकं हेच नसतं. ती वाचून शिकलेली पोरं पाणी ओततात आणि गप्प उभी राहतात. मला त्याचा राग येतो, कारण खेळ तिथंच मरतो.

23 फेब्रुवारीला, पी. सी. सरकारांच्या जन्मदिवशी, आम्ही आसपासचे जादूगार जमतो. सरकारांनी रंगमंच गाजवला आणि पुस्तकंही लिहिली. आमच्यात मात्र लिहिणं म्हणजे विद्या फोडणं, असाच समज. 2020 च्या बैठकीत मी वही काढली तर एका पोरानं लगेच मोबाइल पुढं केला, "दादा, फोटो मारू?" आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ कडाडले, "जाळून टाक ती. विद्या गुरूबरोबर जावी."

कृतीचं पान मी दुमडून धरलं आणि फक्त बोलणं वाचलं. राधानगरीच्या ओळीवर सगळे हसले, ज्येष्ठ हसले नाहीत. त्या ओळीखाली गुरुजींनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे वाक्य माझं नाही', आणि पुढं मालकाचं नाव. मी तेही वाचलं. नाव समोर बसलेल्या ज्येष्ठांचंच होतं.

त्यांनी चष्मा काढला. "मला वाटायचं, त्यानं चोरलं. तीस वर्षं बोललो नाही त्याच्याशी." मग वहीकडं हात केला. आडनाव पाण्यानं फिसकटलेलं, पहिलं नाव तेवढं स्वच्छ. बराच वेळ ते त्यावर बोट ठेवून बसले. जाताना म्हणाले, "या पानाची झेरॉक्स दे मला."

दिली. पोरालाही बोलण्याची तिन्ही पानं उतरवून दिली. कृतीचं पान अजून माझ्याकडंच आहे. तो गाळलेला शब्द मला माहीत आहे आणि तो कुठं लिहावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.