अर्ध्या सेकंदाचा ‘ने’

फोनवरून यंत्र प्रश्न विचारतं, माणूस उत्तर देतो आणि त्या उत्तराचा ध्वनितुकडा आमच्याकडे येतो. कानाला हेडफोन, समोर तीन बटणं: होकार, नकार, अस्पष्ट. बाहेरच्यांना वाटतं लांब बोलणं अवघड जात असेल. लांब वाक्य आपली भाषा आपणच सांगून टाकतं. जीव काढतात ते एकाक्षरी शब्द.

त्यातही ‘ने’. मराठीत तो तृतीयेचा प्रत्यय, शिवाय ‘हे घेऊन जा’ म्हणणारा आज्ञार्थ. बल्गेरियन, सर्बियन, चेकमध्ये सरळ ‘नाही’. ग्रीक आणि कोरियनमध्ये ‘हो’. तुर्कीत ‘काय?’, हंगेरियनमध्ये ‘नको करूस’. जपानी माणूस तो वाक्याच्या शेवटी लावतो, आपल्या ‘ना’सारखा. कोरियन ‘ने’ तर नवख्याला ‘दे’ ऐकू येतो, कारण शब्दारंभीचा ‘न’ ते नाकातून फारसा सोडतच नाहीत. हे कान घडायला मला काही वर्षं लागली.

त्या दिवशी एक तक्रार आली. डॉक्टरांकडची वेळ कायम ठेवायची का, असा प्रश्न होता. एका आजींचं उत्तर आमच्याकडे ‘नकार’ म्हणून नोंदलेलं, म्हणून वेळ रद्द. आजी ठरल्या दिवशी गेल्या तर यादीत नावच नाही.

तुकडा उघडला. ‘ने, ने.’ ठाम, स्वच्छ. लेबल लावणारा सहकारी बल्गेरियन बोलणारा. तो म्हणाला, “दोनदा म्हणाल्या, म्हणून मला शंकाच आली नाही.” त्याच्या भाषेत त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. दुसरी तपासणी माझी होती आणि मीही ती फाइल बल्गेरियन गठ्ठ्यातली समजून पुढे पाठवली होती.

मग मूळ ध्वनिमुद्रण मागवलं. प्रश्न ग्रीकमध्ये होता. आजी म्हणाल्या होत्या, ‘ने, ने,’ मग श्वास घेतला, आणि ‘एफ्हारिस्तो’. म्हणजे ‘हो, हो, धन्यवाद’. श्वासाची शांतता आली की आवाज संपला असं धरून छाटणी करणारं सॉफ्टवेअर तिथेच कापतं, त्यामुळे तो धन्यवाद आमच्यापर्यंत आलाच नाही. दोन गठ्ठे एकत्र करताना भाषेचा रकानाही गळला होता. फाइलवर उरला फक्त क्रमांक.

अहवालात कारण लिहिलं गेलं ‘मानवी चूक’. मला ते अजिबात मान्य नाही. ज्याला भाषा सांगितलीच नाही, त्याने काय ओळखायचं? मी दोन गोष्टी लेखी मागितल्या: प्रत्येक तुकड्यावर भाषेचं नाव, आणि उत्तरानंतरचे तीन सेकंद न छाटता ठेवा. भाषेचा रकाना परत आला. तीन सेकंदांवर ‘साठवणुकीचा खर्च बघू’ असं उत्तर मिळालं.

आजींचा दुसरा ‘ने’ पहिल्यापेक्षा किंचित लांब आहे, शेवटी आवाज हलकासा उतरतो. आता ऐकलं की आनंदच ऐकू येतो. तेव्हाही तो तिथे होताच, आणि मी तो तुकडा दोनदा ऐकला होता.